देशाचा पत्ता आणि भाषेचे पान

मराठी भाषेसाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणसूचीत ‘एमआर’ ही दोन रोमन अक्षरे मुक्रर झालेली आहेत. हीच दोन अक्षरे एखाद्या संकेतस्थळाच्या पत्त्याच्या अखेरीस, बिंदूनंतर आली, तर मात्र त्यांचा मराठीशी काहीएक संबंध उरत नाही. ती पश्चिम आफ्रिकेतील मॉरिटानिया या देशाची खूण ठरतात. गुजरातीची ‘जीयू’ ही अक्षरे पत्त्याच्या अखेरीस गेली की पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटाची होतात, आणि कन्नडची ‘केएन’ ही अक्षरे कॅरिबियन समुद्रातील सेंट किट्स आणि नेव्हिस या चिमुकल्या राष्ट्राची. नेपाळी भाषेची ‘एनई’ ही खूण नायजर देशाकडे आहे; खुद्द नेपाळचा पत्ता ‘एनपी’ या अक्षरांनी संपतो. कोंकणीच्या वाट्याला तर दोन अक्षरांची खूण आलेलीच नाही. तिला ‘केओके’ या तीन अक्षरांवर समाधान मानावे लागले आहे.

वरवर पाहता ही केवळ गंमत वाटेल. वस्तुतः अनेक भाषांत संकेतस्थळ चालविणाऱ्या प्रत्येक संस्थेने प्रथम समजून घ्यावयाची गोष्ट हीच आहे. देशांची यादी निराळी आणि भाषांची यादी निराळी. एकीचे काम दुसरीकडून करून घेऊ गेल्यास घोटाळा ठरलेला.

पत्ता उजवीकडून वाचावा

आपल्या टपालाच्या पत्त्यात आधी माणसाचे नाव, मग गाव, तालुका, जिल्हा आणि शेवटी राज्य येते. संकेतस्थळाच्या पत्त्याची रचनाही अशीच असते. सर्वांत मोठा विभाग शेवटी असतो. या पत्त्यास डोमेन असे म्हणतात. गोवा शासनाच्या संकेतस्थळाचा पत्ता ‘गोवा डॉट गव्ह डॉट इन’ असा आहे. त्यातील शेवटचे ‘इन’ म्हणजे भारत, त्याच्या डावीकडील ‘गव्ह’ म्हणजे शासकीय विभाग, आणि त्याच्याही डावीकडे राज्याचे नाव. आता एखाद्या पत्त्यात ‘गोवा’ आणि ‘गव्ह डॉट इन’ ही अक्षरे आरंभी दिसत आहेत, परंतु पत्त्याचा शेवट मात्र दुसऱ्याच कुठल्या शब्दाने झाला आहे, असे आढळले, तर ते संकेतस्थळ शासनाचे नव्हे, हे निश्चित समजावे. येथे पत्त्याचा शेवट म्हणजे पहिल्या तिरप्या रेषेपूर्वीचा भाग. शिष्यवृत्तीचे किंवा अनुदानाचे आमिष दाखवून ग्रामस्थांकडून बँकेची माहिती काढून घेणारे लोक बहुधा याच युक्तीचा आश्रय घेतात, कारण घाईत असलेला मनुष्य पत्ता डावीकडून वाचतो व ओळखीचा शब्द दिसताच थांबतो. शाळेतील शिक्षकांनी हा उजवीकडून वाचण्याचा धडा फळ्यावर एकदा लिहून दाखविला तरी पुष्कळ काम होईल.

ही व्यवस्था १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने आखली. कोणत्या देशाला कोणती अक्षरे द्यावयाची, हा राजकीय वाद संगणकतज्ज्ञांनी अंगावर घेतला नाही. आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेची १९७४ पासून प्रसिद्ध होत असलेली देशखुणांची यादी त्यांनी जशीच्या तशी स्वीकारली. ही त्यांची दूरदृष्टीच म्हणावी लागेल. भारताचे ‘इन’ १९८९ मध्ये नोंदले गेले आणि २००५ पासून त्याची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, अर्थात निक्सी, या संस्थेकडे आहे. त्यातील ‘गव्ह डॉट इन’ हा विभाग शासकीय कार्यालयांसाठी राखीव असून तो राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून दिला जातो. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने अलीकडेच ‘बँक डॉट इन’ हा स्वतंत्र विभाग ठरवून दिला आणि तेथे स्थलांतर करण्यास ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घातली. त्याची नोंदणी हैदराबाद येथील बँकिंग तंत्रज्ञान संस्थेमार्फत होते. बँकेचे नाव धारण करणारे पत्ते वाटेल त्याने घ्यावेत आणि खातेदाराने फसावे, या प्रकाराला त्यामुळे एक दार तरी बंद झाले.

चार भाषा, एक पत्ता

देश आणि भाषा यांची फारकत कशी करावी, याचा उत्तम वस्तुपाठ स्वित्झर्लंडने घालून दिला आहे. त्या देशात जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार राष्ट्रीय भाषा आहेत आणि देशाचे नाव प्रत्येक भाषेत वेगळे आहे. मग खूण कोणत्या भाषेतील नावावरून घ्यावयाची? स्विस लोकांनी चौघींपैकी एकीचीही निवड केली नाही. ‘कॉन्फिडेराशिओ हेल्वेटिका’ या लॅटिन नावाची आद्याक्षरे त्यांनी घेतली आणि ‘सीएच’ ही खूण सिद्ध झाली. आज कोणाचीही मातृभाषा नसलेली लॅटिन कोणालाच डावलीत नाही.

तेथील संघराज्य, प्रांत आणि ग्रामसंस्था मिळून नागरिकांसाठी एक माहितीस्थळ चालवितात. त्याचा पत्ता ‘सीएच डॉट सीएच’ इतका आटोपशीर आहे. चार भाषांसाठी चार पत्ते तेथे घेतलेले नाहीत. पत्ता एकच ठेवून त्यापुढे तिरपी रेषा व भाषेची दोन अक्षरे लिहिली जातात: जर्मनसाठी ‘डीई’, फ्रेंचसाठी ‘एफआर’, इटालियनसाठी ‘आयटी’, रोमान्शसाठी ‘आरएम’, आणि परकीयांच्या सोयीसाठी इंग्रजीचे ‘ईएन’. येथे ‘डीई’ म्हणजे जर्मनी देश नव्हे, जर्मन भाषा; कारण ती अक्षरे पत्त्याच्या अखेरीस नसून रेषेच्या पलीकडे, पानाच्या जागी आहेत. कॅनडाने इंग्रजी व फ्रेंच यांच्यासाठी हीच पद्धत ठेवली आहे. युरोपीय संघाला तर चोवीस अधिकृत भाषांचा संसार करावयाचा असतो. तोही २००६ पासून ‘युरोपा डॉट ईयू’ या एकाच छत्राखाली चालतो.

विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशाने वाट थोडी निराळी घेतली. तेथे भाषेची अक्षरे पत्त्याच्या आरंभी येतात. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा पत्ता ‘एमआर डॉट विकिपीडिया डॉट ऑर्ग’ असा आहे. या पत्त्यात देशाचे नावच नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव, पणजी आणि लंडन येथील मराठी वाचक एकाच दारातून आत जातो.

एका काजू संस्थेचा विचार

तत्त्व समजले तरी व्यवहारात प्रश्न पडतातच. समजा, सत्तरी तालुक्यातील काजूगरावर प्रक्रिया करणाऱ्या एखाद्या सहकारी संस्थेने संकेतस्थळ काढावयाचे ठरविले. सभासदांसाठी मराठी व कोंकणी पाने हवीत, देशांतर्गत व्यापाऱ्यांसाठी इंग्रजी व हिंदी, आणि परदेशांत माल जाऊ लागला तर जर्मन व पोर्तुगीज. अशा वेळी संकेतस्थळ तयार करून देणारा मनुष्य सल्ला देईल की, जर्मनीचा ‘डीई’, पोर्तुगालचा ‘पीटी’, ब्राझीलचा ‘बीआर’, असे सगळेच पत्ते घेऊन ठेवावेत. संचालक मंडळालाही हे भारदस्त वाटेल.

या ठिकाणी थांबून विचार करावा. जर्मन भाषेतील पान जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या तिन्ही देशांतील ग्राहक वाचू शकतो. त्याला जर्मनीच्या पत्त्यावर ठेवले तर ऑस्ट्रियातील ग्राहकास ते शेजारच्या देशासाठी आहे असे वाटेल, आणि शोधयंत्रेही तसेच धरून चालतील. देशाची खूण असलेला पत्ता त्या देशातील वाचकांसाठीच आहे, असे शोधयंत्रे सामान्यतः मानतात. उलटपक्षी, भाषा एक असूनही व्यवहार वेगळा असू शकतो. जर्मनी व ऑस्ट्रियात किंमत युरोत सांगावयाची, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँकमध्ये. युरोपीय संघाच्या नियमांनुसार काजूसारख्या कवचफळांचा उल्लेख अॅलर्जीकारक पदार्थ म्हणून ठळकपणे करावा लागतो; स्वित्झर्लंड संघाचा सभासद नसल्याने तेथील कायदा स्वतंत्रपणे पाहावा लागतो. तेव्हा जेथे कायदा, चलन, माल पोहोचविण्याची व्यवस्था आणि तक्रारीचे ठिकाण बदलते, तेथे देशाचा स्वतंत्र पत्ता घेण्यास काही अर्थ आहे. जेथे केवळ शब्द बदलतात, तेथे त्याच पत्त्याखाली भाषेचे पान पुरेसे होते. आरंभी एकच ‘इन’ पत्ता आणि त्याखाली भाषावार पाने, हीच अशा संस्थेला परवडणारी व्यवस्था होय.

शिवाय प्रत्येक देशाचा पत्ता कोणालाही मिळतो असे नाही. आपला ‘इन’ जगातील कोणालाही घेता येतो; कॅनडाचा ‘सीए’ घेण्यासाठी मात्र त्या देशाशी संबंध दाखवावा लागतो. आणि मिळालेला पत्ता कायम राहीलच याचीही हमी नसते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर १ जानेवारी २०२१ रोजी ब्रिटनमधील धारकांचे सुमारे ८० हजार ‘ईयू’ पत्ते स्थगित झाले. त्यात लहान दुकानदार होते, संस्था होत्या. त्यांनी नियमभंग केलेला नव्हता, पैसेही भरलेले होते, केवळ देशाचे नाते बदलले होते. युगोस्लाव्हिया हा देशच राहिला नाही, तेव्हा त्याचा ‘वाययू’ पत्ता ३० मार्च २०१० रोजी कायमचा बंद करण्यात आला. त्याआधी तेथील लोकांना सर्बिया किंवा माँटेनेग्रोच्या नव्या पत्त्यावर बिऱ्हाड हलवावे लागले. उलट बाजूने पाहता, गूगलसारख्या कंपनीनेही देशोदेशीच्या आपल्या पत्त्यांवरून वाचकास मुख्य पत्त्याकडे वळविण्याचे एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले. वाचकाचे ठिकाण व त्याची भाषा अन्य मार्गांनी कळू लागल्यावर निरनिराळ्या देशांच्या पत्त्यांची पूर्वीइतकी गरज त्यांस उरली नाही.

येथे मराठी वाचकांच्या दृष्टीने एक सावधगिरीची सूचना अवश्य करावयास हवी. वाचक कोठे बसला आहे हे यंत्राने ओळखावे आणि त्यावरून भाषा ठरवून टाकावी, ही पद्धत सोयीची वाटते, परंतु ती वडोदऱ्यातील मराठी घराला गुजराती पान दाखविते आणि बेळगावातील मराठी शेतकऱ्यापुढे कन्नड पान ठेवते. ठिकाण म्हणजे भाषा नव्हे. वाचकाने आपल्या फोनमध्ये निवडलेली भाषा संकेतस्थळाला कळू शकते. तिचा मान ठेवावा, आणि तरीही प्रत्येक पानावर भाषा बदलण्याची सोय ठळक जागी ठेवावी. त्या यादीत भाषेचे नाव त्याच भाषेत व लिपीत लिहावे. काही संकेतस्थळे भाषेऐवजी राष्ट्रध्वजांची चित्रे लावतात. पोर्तुगीजसाठी ध्वज पोर्तुगालचा की ब्राझीलचा? मराठीसाठी, कोंकणीसाठी कोणता? ही पद्धत टाकून देणेच बरे.

पानांचे परस्परांशी नाते शोधयंत्राला सांगण्याचीही रीत ठरलेली आहे. प्रत्येक पानाच्या अदृश्य मथळ्यात त्याच्या इतर भाषांतील पानांचे पत्ते नोंदवावयाचे असतात. तेथे आधी भाषेची व मग देशाची खूण येते. भारतातील मराठीसाठी ‘एमआर’ आणि ‘आयएन’. ही नोंद दोन्ही बाजूंनी असावी लागते. मराठी पानाने इंग्रजी पानाकडे बोट दाखविले, पण इंग्रजी पानावर मराठीचा उल्लेख नाही, तर ती नोंद धरली जात नाही.

नूतनीकरणाची तारीख

पत्ता विकत मिळत नाही. तो ठरावीक मुदतीसाठी खंडाने मिळतो. मुदत संपली, नूतनीकरण राहून गेले आणि सवलतीचे दिवसही उलटले, की तो पुन्हा बाजारात येतो. २१ एप्रिल २०२१ च्या रात्री गूगलचा अर्जेंटिनातील पत्ता काही काळ बंद पडला. तेथील एका तरुणाने सहज नोंदणीस्थळावर पाहिले, तो पत्ता त्याला उपलब्ध दिसला, आणि अवघे २७० पेसो भरून तो त्याच्या नावावर झालासुद्धा. कंपनीला तो लगोलग परत मिळाला. जगातील एवढ्या मोठ्या कंपनीच्या बाबतीत हे घडू शकते, तर ज्या संस्थेचा लिपिक दर तीन वर्षांनी बदलतो तिची कथा काय?

लहान संस्थांत धोका बहुधा वेगळ्याच जागी असतो. पत्ता संस्थेच्या नावावर नसतोच. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याने तो आपल्या नावावर, आपल्या ई-टपालावर आणि आपल्या भ्रमणध्वनी क्रमांकावर घेतलेला असतो. पुढे तो गाव सोडून जातो, किंवा देणेघेणे थकल्यामुळे अबोला धरतो. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याकडे जात राहतात. एके दिवशी पत्ता दुसऱ्या कोणी घेतलेला असतो आणि संस्थेच्या जुन्या पावत्यांवर, फलकांवर व पाठ्यपुस्तिकांवर छापलेला तोच पत्ता आता जुगाराच्या जाहिराती दाखवू लागतो. त्या पत्त्याची ई-टपाल पेटीही नव्या धारकाच्या ताब्यात जाते, ही त्याहून गंभीर बाब आहे. सभासदांनी पाठविलेली कागदपत्रे त्याच्याकडे पोहोचतात, आणि त्या टपालावर अवलंबून असलेली बँकेची वा अन्य खाती त्याला उघडता येऊ शकतात.

एका अक्षराच्या चुकीनेही किती टपाल परक्या हाती जाते, याचे उदाहरण २०२३ मध्ये जगापुढे आले. अमेरिकेच्या सैन्यदलाचा पत्ता ‘एमआयएल’ या तीन अक्षरांनी संपतो. लिहिणाऱ्यांकडून मधला ‘आय’ गळाला की टपाल ‘एमएल’कडे, म्हणजे माली या देशाकडे जाई. त्या देशाच्या पत्त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या डच व्यावसायिकाने त्या वर्षी काही महिन्यांतच अशी एक लाखाहून अधिक पत्रे जमा झाल्याचे दाखवून दिले.

म्हणून जी संस्था एकाहून अधिक पत्ते बाळगते, तिने जडवस्तू नोंदवहीप्रमाणेच पत्त्यांची नोंदवही ठेवावी. पत्ता, तो कोणाकडून घेतला, कोणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते, सूचना कोणत्या ई-टपालावर येतात आणि परवलीचा शब्द कोणाच्या ताब्यात आहे, एवढे रकाने पुरेत. नाव संस्थेचे असावे. ई-टपाल पदाचे असावे, व्यक्तीचे नसावे. आणि ते त्याच पत्त्यावरील नसावे, कारण पत्ता बंद पडला की सूचनाही बंद पडतील. बदली वा सेवानिवृत्तीच्या वेळी किल्ल्यांबरोबर ही वहीही सोपवून सही घ्यावी. त्याच वहीत सुरक्षा प्रमाणपत्राची तारीखही लिहावी. प्रत्येक पत्त्यास असे प्रमाणपत्र लागते आणि त्याची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटवून मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर आणण्याचे ठरले आहे. तेव्हा हे काम हाताने न करता आपोआप होईल अशी तजवीज आताच केलेली बरी.

जो पत्ता नको झाला, तो लगेच सोडू नये. काही वर्षे तो जवळ ठेवून त्यावर येणाऱ्या वाचकास नव्या पत्त्यावर वळवावे. असा खर्च वाढत जातो. गरजेपुरतेच पत्ते घेण्याचा आग्रह याच कारणासाठी आहे.

देवनागरीतील पत्ता

रोमन अक्षरे न जाणणाऱ्या वाचकासाठी देवनागरीतील पत्त्याची सोयही झालेली आहे. लॅटिनेतर लिप्यांतील देशखुणा २०१० मध्ये प्रथम अमलात आल्या. त्यात इजिप्त, सौदी अरेबिया व संयुक्त अरब अमिराती आघाडीवर होते. ‘डॉट भारत’ हा देवनागरी पत्ता २७ ऑगस्ट २०१४ रोजी खुला झाला. मराठी, कोंकणी, हिंदी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि सिंधी या देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांना तो सामाईक आहे. येथेही खूण भाषेची नसून देशाचीच आहे, फक्त लिपी आपली आहे. स्पेनमधील कॅटलान भाषेप्रमाणे भाषेच्या नावाचा स्वतंत्र पत्ता मिळविणे अशक्य नाही. परंतु २०२६ च्या फेरीसाठी अशा अर्जाचे शुल्क २,२७,००० अमेरिकी डॉलर ठरविण्यात आले, हे पाहता सध्या ‘डॉट भारत’ हेच व्यवहार्य होय.

देवनागरी नाव घेताना शुद्धलेखनाचा प्रश्न जितका मराठीत उद्भवतो तितका क्वचितच अन्यत्र उद्भवत असेल. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द कानाला जवळचे, अर्थाने दूर आणि यंत्राच्या लेखी संपूर्ण भिन्न. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पडला तरी पत्ता बदलतो. सबब, लोक चुकून लिहितील असे एखाद-दुसरे रूपही नोंदवून मुख्य पत्त्याकडे वळवावे. फलकावर देवनागरी पत्त्याखाली रोमन पत्ताही छापावा, कारण काही जुन्या यंत्रणा देवनागरी ई-टपाल अद्याप स्वीकारीत नाहीत.

मराठी पानावरील तारीख

पत्ते व्यवस्थित असूनही वाचकाचे सर्वाधिक नुकसान ज्या कारणाने होते, ते अगदी साधे आहे. इंग्रजी पानावर अर्जाची मुदत बदलली जाते आणि मराठी पानावर जुनीच राहते. गोव्यात १९८७ च्या राजभाषा अधिनियमाने देवनागरी कोंकणी ही राजभाषा ठरली आणि मराठीच्या शासकीय वापरासही त्यात स्थान मिळाले. तेव्हा मराठी पान हे शोभेचे नव्हे. त्या पानावर विसंबून तालुक्याच्या ठिकाणी एसटीने आलेला मनुष्य खिडकीपाशी उभा राहतो तेव्हा त्याला मुदत उलटल्याचे कळते, आणि ‘इंग्रजीत बरोबर होते’ हे उत्तर त्याच्या काही उपयोगाचे नसते.

यावर उपाय यंत्रात आहे तसा कार्यालयाच्या शिस्तीतही आहे. तारखा, रकमा आणि दूरध्वनी क्रमांक प्रत्येक भाषेच्या पानात निरनिराळे टंकित न करता एकाच ठिकाणी नोंदवावेत व सर्व पानांनी ते तेथून घ्यावेत. मजकुरातील बदल एका भाषेत मंजूर झाला की इतर भाषांतील पानांवर ‘या पानावरील मजकूर जुना असून सुधारणा चालू आहे’ अशी ओळ आपोआप झळकावी, आणि भाषांतर तपासणाऱ्याची सही झाल्यावरच ती उतरावी. पानाच्या तळाशी लिहिला जाणारा ‘अद्ययावत’ दिनांक संपूर्ण संकेतस्थळाचा न घालता त्या भाषेतील त्या पानाचा घालावा.